पावसात उभी राहिलेली पाड

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात पासष्ट-सहासष्टच्या सुमारास ज्या बाया बांधकामावर घमेली वाहायच्या, त्यांच्यापैकी कुणाजवळही शेवंताबाईचं नाव काढलं तर बाई आधी पाठीवर हात नेते आणि मग बोलायला लागते. शेवंताबाईच्या हातात बांबूची कमची असायची, आणि ती नुसती दाखवायला नसायची. गवंड्याच्या हाताखाली कालवलेला गारा, विटा, पाणी पोचवणाऱ्या मजूर बाईला आमच्याकडं रेजा म्हणतात. गावातल्या बहुतेक रेजा शेवंताबाईच्या टोळीत होत्या. ठेकेदार काम घ्यायचा, बाया शेवंताबाई आणायची. बाया तिला तोंडावर मुकादमीण म्हणायच्या. मागं जे म्हणायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचं माहेर लालबर्रा भागातल्या एका खेड्यातलं. लग्न होऊन ती बालाघाटात महागूच्या घरी आली. महागू पाड बांधायचा. इमारतीच्या भिंतीला लागून बांबू आणि बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभे करून, आडवे बांबू दोरीनं आवळून, वर फळ्या टाकून जी चढायची-उभं राहायची सोय करतात, तिला मराठीत परांची म्हणतात. आमच्याकडं सगळे पाडच म्हणतात. महागूच्या हाताला जोर होता आणि जिभेला हाड नव्हतं. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव वैनगंगेत सोडून दिले. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा वसंता चौथीत गेला तेव्हा महागूनं वस्तीत पेढे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत महागू पडला. भाताच्या गिरणीची उंच भिंत चालली होती. पाड त्यानंच बांधली होती आणि पक्की बांधली होती. पण दुपारी कुणीतरी विटा हाताशी याव्यात म्हणून एक फळी बाजूला सरकवली आणि तशीच ठेवली. तिचं टोक आडव्या बांबूवर जेमतेम टेकलेलं. महागू सवयीनं त्या फळीवर आला. फळी उलटली. तो खाली विटांच्या ढिगावर पाठीवर आपटला.

मेला असता तर बरं, असं पुढं तो स्वतःच म्हणायचा. कमरेखालचं अंग गेलं. दोन पावसाळे तो खाटेवर पडून होता. शेवंताबाई त्याचं हगणंमुतणं काढायची, सकाळी रेजा म्हणून कामावर जायची, संध्याकाळी आली की त्याचा एकच प्रश्न असायचा.

"फळी कोनं सरकवली? इचारलं काय?"

"इचारलं. कोनी सांगत नाही."

"मंग पुन्हा इचार. रांड, तुले काय, तू तर आपल्या पायानं चालून राह्यली."

ती खरंच विचारायची. प्रत्येक गवंड्याला, प्रत्येक बाईला. कुणीच कबूल झालं नाही. कुणाला आठवतही नसेल, कारण ज्यानं सरकवली त्याला ती गोष्ट लक्षात ठेवण्याइतकी मोठी वाटलीच नसणार.

खाटेवरून महागूनं तिला दोरी बांधायला शिकवलं. खाटेच्या पायाला बांबूचा तुकडा लावून ती गाठ मारायची, तो हातानं हलवून बघायचा. ढिली निघाली की जवळच्या काठीनं तिच्या बोटांवर मारायचा. शिकवण्यात प्रेम नव्हतं. त्याला दिवसभर कुणावर तरी राग काढायला हवा होता आणि ती तेवढी हाताशी होती. तो मेला त्या दिवशी वस्तीतल्या बाया तिच्या गळ्यात पडायला आल्या. ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "रडाले वेळ हाय तुमच्यापाशी. माह्यापाशी नाही." तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती.

रेजाची मुकादमीण ती कशी झाली याला फार मोठी कथा नाही. बाया तिला घाबरायच्या आणि ठेकेदाराला तेच हवं होतं. दुलीचंद ठेकेदार म्हणायचा, "इस बाई के रहते मुझे साइट पर आने की जरूरत नहीं." वर्षानुवर्षं तो आलाही नाही.

सकाळी काम सुरू होण्याआधी शेवंताबाई पाडीवर एकटी चढायची. प्रत्येक बल्ली दोन्ही हातांनी धरून हलवायची, दोऱ्या ओढून बघायची, फळीच्या मधोमध उभी राहून टाचांनी दणके द्यायची. तोवर सगळ्या बाया खाली उन्हात उभ्या. मग ती खाली उतरायची आणि बायांकडं वळायची. कुणाच्या लुगड्याचा काष्टा ढिला, कुणाचा पदर लोंबतोय, कुणी पोर कडेवर घेऊन आलंय. पाडीखालून कुणी गेली की कमची बसली. एका फळीवर दोघी उभ्या दिसल्या की दोघींना बसली. वर विटांचा ढीग एकाच जागी लावला तर लावणारीला तोच ढीग खाली आणून पुन्हा वर न्यायला लावायची, आणि बाकीच्यांना बघायला उभं करायची.

सीता नावाची एक हसरी बाई होती, तिला गाण्याची सवय. पाडीवर गाणं म्हणत चालली होती म्हणून शेवंताबाईनं तिला पोटऱ्यांवर अशी मारली की वळ महिनाभर राहिले.

"गानं म्हटलं तं काय बिघडलं वं मुकादमीण?" सीता रडत म्हणाली.

"पाय गान्याकडं राह्यला म्हंजे बिघडते. पडली तं तुहा नवरा दुसरी करीन. तो काही तुह्यासाठी गानं म्हननार नाही."

सीताचा नवरा बाबूलाल तसाच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या सगळ्या वर्षांत शेवंताबाईच्या टोळीतली एकही बाई पाडीवरून पडली नाही. ही गोष्ट त्या वेळी कुणी बोलून दाखवली नाही. जे घडत नाही ते कुणाला दिसत नाही. वळ मात्र दिसतात.

आणि तिनं जे केलं ते सगळंच कुणाला तरी वाचवायला केलं, असंही नव्हतं. गोदाबाईची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

गोदाबाई लांजीकडची, अंगावर पिणारी पोर असलेली. नवरा टाकून गेलेला. उन्हाळ्यात एका दुपारी डोक्यावर घमेलं घेऊन चढावावर तिचा तोल गेला. पडली नाही, बांबू धरला. पण शेवंताबाईनं बघितलं. तिनं घमेलं उतरवून घेतलं आणि म्हणाली, "जा घरी. उद्यापासून येऊ नको."

"मुकादमीण, सकाळी खाल्लं नव्हतं. म्हनून चक्कर आली. उद्या खाऊन येतो."

"चक्कर येनारी बाई मले नको."

"मले वर नका चढवू. खाली वाळू चाळतो, पानी भरतो. कोन्तंही द्या."

खालच्या कामावर दोन धडधाकट बाया होत्या. त्यांतली एक वर पाठवून गोदाला खाली ठेवता आलं असतं. शेवंताबाईनं ते केलं नाही. गोदानं तिचे पाय धरले तेव्हा तिनं पाय मागं ओढून घेतला आणि दुसरीला हाक मारली. गोदा तिरोडीला मावशीकडं गेली, मँगनीजच्या खाणीवर दगड फोडायला लागली. तिथं सावली नव्हती. आषाढाच्या आधीच पोर गेली.

ही बातमी मोतीलाल मिस्त्रीनं आणली. मोतीलाल हा टोळीसोबत काम करणारा गवंडी, सगळ्यांशी बोलणारा. त्यानं शेवंताबाईला सांगितलं तेव्हा ती दोरीला पाणी लावत होती.

"गोदाची पोट्टी मेली वं, तिरोडीले."

शेवंताबाईनं दोरी पिळली. "बरं," ती म्हणाली आणि पुढची दोरी घेतली.

सदुसष्ट साली दुलीचंदनं स्टेशनकडच्या बाजूला एका शेठच्या तीन मजली धर्मशाळेचं काम घेतलं. भिंती उभ्या झाल्या, बाहेरून पाड उभी राहिली. ती शेवंताबाईनं स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. गिलावा सुरू होणार इतक्यात शेठच्या घरात भांडण झालं, काम थांबलं आणि पावसाळा आला. पाड उतरवून ठेवा, असं शेवंताबाई सांगत होती. दुलीचंदनं उतरवली नाही. उतरवायची मजुरी, पुन्हा बांधायची मजुरी, त्याला ते परवडणारं वाटलं नाही. अख्खा पावसाळा पाड भिंतीला लागून उभी राहिली. बांबूचे पाय खड्ड्यातल्या पाण्यात. वरच्या फळ्यांवर गवत उगवलं.

दसरा झाला आणि काम पुन्हा सुरू करायचं ठरलं. चार महिने बायांना धड काम मिळालं नव्हतं. लावणीचे दिवस संपले की हात रिकामे. त्या सकाळी सगळ्या वेळेआधी येऊन उभ्या राहिल्या. शेवंताबाईची सून ललिताही त्यांच्यात होती. वसंताचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. ललिता गोंदियाकडची, हिंदी शाळेत शिकलेली, चटपटीत. सासूच्या हाताखाली तिला इतर बायांपेक्षा जास्तच मार बसायचा, सुनेला वेगळा न्याय, असं शेवंताबाईला कुणी म्हणू नये म्हणून.

शेवंताबाई पाडीवर चढली आणि पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन परत आली. तिच्या मुठीत दोरीचा तुकडा होता. बोटांनी चोळला तसा त्याचा भुसा झाला. मग तिनं कोपऱ्यातल्या बल्लीच्या बुडाशी माती उकरली आणि पहार टोचली. पहार सहज आत गेली.

"पूरी पाड खोलाची," ती म्हणाली. "खोलून नव्या बल्ल्या, नवी दोरी. तवर कोनी चढनार नाही."

निरोप गेला तसा दुलीचंद स्वतः आला. "बाई, ऊपर-ऊपर का पलस्तर है. जहाँ ढीली लगे वहाँ नई रस्सी मार दो."

"सडल्या बल्लीले नवी दोरी बांधून काय होते शेठ?"

"अरे, इतने पानी में खड़ी रही, गिरी क्या?"

"तवा तिच्यावर कोनी नव्हतं."

दुलीचंद हसला आणि बायांकडं वळला. पाड खोलून बांधायची तर आधी नव्या बल्ल्या येतील, बांधणारे येतील, दिवाळीच्या आधी काम सुरू होणार नाही, तोवर रोजी नाही, असं त्यानं सांगितलं. शेवंताबाईच्या तोंडावर सांगितलं आणि निघून गेला.

पहिला दिवस बाया तिच्या धाकानं बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी ललिता उभी राहिली. ती नव्या पिढीची, सासूला तोंडावर बोलायला न भिणारी.

"आत्याबाई, आपल्या घरी चूल पेटते. या बायांच्या घरी जाऊन पाह्यलं काय? सीताच्या घरी कालपासून पेज हाय नुसती."

"पेज पिऊन मानूस मरत नाही."

"तुमाले फक्त हुकूम चालवायचा हाय. आमी पडू का मरू, ते आमचं आमी पाहू."

शेवंताबाईनं कमची उचलली. ललितानं ती हवेतच धरली आणि मोडली. आवाज सगळ्यांनी ऐकला. एक बाई हसली. मग दुसरी. कितीतरी वर्षांचं ते हसू होतं, आणि एकदा सुरू झालं तसं थांबेना. सीता तर टाळ्या वाजवायला लागली. शेवंताबाई मोडक्या कमचीचा तुकडा हातात धरून उभी राहिली. त्याच संध्याकाळी बाया झुंडीनं दुलीचंदकडं गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला दुसरा मुकादम द्या. बोलायला ललिता पुढं होती.

दुलीचंदनं घनश्यामला आणलं. घनश्याम गोड माणूस. बायांना ताई म्हणायचा, दुपारी चहा द्यायचा, कुणी पोर कडेवर आणलं तर तिला सावलीतलं काम द्यायचा. सीताला म्हणाला, "गा ना ताई, काम कसं हलकं होते." आयुष्यात पहिल्यांदा त्या बायांशी कामावर माणसासारखं कुणी बोललं होतं. घनश्यामनं चार-दोन ठिकाणी नवी दोरी आवळली, पाडीच्या बुडाशी चार विटा ठोकल्या आणि काम सुरू केलं. तो वाईट माणूस नव्हता. पाड हलवून बघायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी पाठीवरच्या वळांसकट ते विसरायचं ठरवलं होतं.

शेवंताबाई घरी बसली. वसंता सायकलच्या दुकानात कामाला होता. सून कामावरून यायची, सासूशी बोलायची नाही. सासूही बोलायची नाही. पहिल्या दिवशी मात्र शेवंताबाई वसंताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "ती पाड सडेल हाय." ललितानं ताट आपटलं आणि म्हणाली, "काम गेलं म्हनून पोटात दुखून राह्यलं." त्यानंतर शेवंताबाईनं त्या पाडीचं नाव काढलं नाही.

पाड पडली त्या दिवसाची सकाळ. आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर फळी कुरकुरली होती आणि ललिता घाबरली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डबा बांधून ती दारात गेली, चप्पल पायात सरकवली, पुन्हा काढली आणि आत आली. शेवंताबाई चुलीपुढं बसली होती.

"आत्याबाई."

शेवंताबाईनं वर बघितलं नाही.

"कोपऱ्यातली बल्ली... तुमी पहार टोचून पाह्यली होती ना? खरंच आत गेलती काय?"

एवढं विचारायला त्या पोरीला काय लागलं असेल, हे कमची मोडताना तिला ज्यांनी बघितलं त्यांनाच कळेल. शेवंताबाईला कळलंच असणार. तिनं एक लाकूड चुलीत सारलं.

"मले काय इचारतं? मी कोन? आपल्या नव्या मुकादमाले इचार. तो चहा पाजते ना."

ललितानं डबा उचलला, चप्पल पुन्हा पायात सरकवली. मग गेली.

दुपारच्या जेवणानंतर घनश्यामनं तिसऱ्या मजल्यावर कंगणीच्या, म्हणजे छताखाली पुढं काढतात त्या पट्टीच्या, कामासाठी विटा चढवायला सांगितल्या. बायांनी भराभर चढवल्या आणि कोपऱ्यात एकावर एक रचल्या, म्हणजे मोतीलाल मिस्त्रीला वळलं की हाताशी. सीता आणि ललिता एकाच फळीवर होत्या. सीता सांगते की आवाज आधी खालून आला, ऊस मोडल्यासारखा. मग पाड भिंतीपासून सुटली. एकदम कोसळली नाही. आधी हळू कलली, इतकी हळू की मोतीलालनं खिडकीची चौकट धरायला हात लांब केला आणि त्याला ती सापडली. तो तिला लोंबकळत राहिला. सीता आणि ललिताच्या हाताशी काही नव्हतं. कोपऱ्यातल्या विटा त्यांच्या आधी घसरल्या आणि मग त्यांच्यावर आल्या.

सीता जिवंत निघाली, एका पायाचा चेंदा झालेली. ललिताला काढायला वेळ लागला, आणि काढली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

शेवंताबाई तोवर पोचली होती. वसंताही दुकानातून धावत आला होता. लोक विटा उपसत होते, बाया छाती पिटत होत्या. शेवंताबाई त्या ढिगाकडं गेली नाही. ती सरळ कोपऱ्यात गेली, गुडघ्यावर बसली आणि खड्ड्यात उरलेला बल्लीचा बुंधा दोन्ही हातांनी वर ओढून बघू लागली. तिची सून विटांखाली होती आणि ती बुंधा बघत होती. हे सगळ्या लोकांनी बघितलं. वसंतानं बघितलं.

त्या एका गोष्टीची गावानं तिला कधी माफी दिली नाही.

चौकशी झाली. पाड कुणी बांधली, असं विचारलं तेव्हा दुलीचंद म्हणाला, शेवंताबाईनं. ते खोटं नव्हतं. घनश्याम म्हणाला, मी तर नवीन, मला जशी मिळाली तशी. तेही खोटं नव्हतं. पाड खोलायला हवी असं शेवंताबाईनं सांगितलं होतं, हे बाया सांगू शकल्या असत्या. पण मग त्यांनीच तिला काढायला लावलं हेही सांगावं लागलं असतं, आणि त्यांना अजून दुलीचंदकडं कामाला जायचं होतं. एकही बोलली नाही. शेवंताबाईला दिवसभर ठाण्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं आणि मग घरी जा म्हणाले. पुढं काही झालं नाही. पण वस्तीत एक बोलणं पसरलं. काम गेल्याच्या रागानं म्हातारीनं जाऊन दोरी कापली, आणि त्या दिवशी कोपऱ्यात बसून तीच खूण लपवत होती.

वसंतानं हे ऐकलं. त्यानं पूर्ण विश्वास ठेवला नाही, पण त्याला त्या अफवेची गरजही नव्हती.

"तुले मालूम होतं," तो म्हणाला. "तिनं सकाळी तुले इचारलं. मी आत होतो, मले आयकू आलं. तू एक शब्द बोलली असती तं ती थांबली असती."

"हौ," शेवंताबाई म्हणाली.

"काहून नाही बोलली?"

ती चुलीतली राख काढायला लागली. त्याला वाटलं होतं ती निदान रडेल, निदान खोटं बोलेल. त्यानं ट्रंक उचलली आणि छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं गोंदियाला गेला. ललिताच्या माहेरच्यांजवळच त्यानं दुकान टाकलं, असं पुढं कळलं. आईकडं तो पुन्हा आला नाही.

त्याच आठवड्यात गोदाबाई तिरोडीहून आली होती. अपघाताचं ऐकून काही बायांनी तिला म्हटलं, तू नशिबाची, मुकादमिणीनं तुला वेळेवर काढलं म्हणून वाचलीस, जाऊन पाया पड. गोदा गेली. शेवंताबाई ओसरीवर एकटीच बसली होती.

"बाया म्हंते, मी तुमच्यामुळं वाचली," गोदा म्हणाली. "हे आयकून घ्या. माही पोट्टी होती तवर मले वाचाचं होतं. आता तुमाले वाटत असन की एकीचं तरी भलं केलं, तं तसं समजू नका. तेवढंच सांगाले आली."

शेवंताबाई म्हणाली, "पानी पेतं काय?"

"नाही," म्हणून गोदा निघून गेली.

धर्मशाळा पुढल्या उन्हाळ्यात पुरी झाली. दुलीचंदनं पाड नव्यानं बांधून घेतली, चांगली बांधून घेतली. उद्‌घाटनाला पंगत बसली तेव्हा बायांनाही जेवायला बोलावलं होतं.

शेवंताबाईला कुणी कामावर घेईना. तिनं भाताच्या गिरणीवर अंगण झाडायचं काम धरलं. धान वाळायला पसरायचं, पाखरं हाकलायची, सांडलेलं गोळा करायचं. त्याच काळात सीताचा पाय गुडघ्यापासून कापला गेला. बाबूलालनं दुसरी बाई आणली आणि सीताला घराबाहेर घातलं. ती बस स्टँडवर चिंध्यांवर बसून हात पसरू लागली. टोळीतल्या बाया तिथून जाताना तोंड फिरवायच्या.

एक दिवस शेवंताबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"कुठी?"

"ऊठ म्हनलं ना."

सीता उठली नाही तेव्हा शेवंताबाईनं तिला दंडाला धरून ओढली, फरफटत रिक्षापर्यंत नेली आणि घरी आणली. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला. तसं काही दिसत नव्हतं. शेवंताबाईनं तिला कुबडी करून दिली आणि चालायला लावलं. सीता पडायची, जखम फुटायची, ती शिव्या द्यायची. शेवंताबाई म्हणायची, "बसून खाशील तं भीक मांगनंच बरं होतं," आणि पुन्हा उभी करायची. उपाशी ठेवण्याचा धाक घालायची. सीता कुबडीवर चालायला शिकली, गिरणीच्या अंगणात बसून खडे निवडायला लागली, पण ती बाई आपल्याशी एकदाही गोड शब्द बोलली नाही, असं ती आजही सांगते.

दोघी अशा पाच-सहा वर्षं एका खोलीत राहिल्या. एका दुपारी कशावरून तरी वाजलं. बहुतेक भात करपल्यावरून. शेवंताबाई तिला म्हणाली की तुझ्या हातून काही नीट होत नाही, तेव्हाही एका फळीवर तुम्ही दोघी उभ्या होतात. सीताचा तोल सुटला. इतकी वर्षं जे तिनं दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं.

"मी उभी होती, हौ. अन् तुही सून माह्याबाजूले उभी होती. मालूम हाय काय म्हनत होती? म्हने, 'आज सकाळी आत्याबाईनं नुसतं नको जाऊ म्हनलं असतं, तं मी आली नसती. मी तं थांबाचं निमित्तच पाहून राह्यलती.' असं म्हनली. तुह्याकडून एक नको जाऊ आयकाले ती दारातून मांघं आलती."

सीताला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार. शेवंताबाईनं भाताचं भांडं पुढं ओढलं. मग तिनं विचारलं, "आनखी काय म्हनली?"

"काही नाही. मंग पाड गेली."

शेवंताबाईनं करपलेला भात वरचा वरचा काढला. चांगला होता तो सीताच्या ताटात घातला, खरवड आपल्या ताटात घेतली. "जेव," ती म्हणाली.

त्यानंतर ती आणखी दोन वर्षं जगली. शहात्तरच्या थंडीत ताप आला आणि आठवड्यात गेली. गोंदियाला निरोप पाठवला, पण वसंता आला नाही. वस्तीतल्या मोजक्या माणसांनी तिला नेलं. सीता कुबडीवर वैनगंगेपर्यंत मागून चालत गेली. रस्त्यात कुणीतरी तिला म्हणालं, तू कशाला एवढं चालतेस, इथंच थांब. सीतानं त्याला शिवी दिली आणि चालत राहिली.